चष्म्याआधी वेळापत्रक हवे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डोळ्यांवर चष्मा चढवून आभासी रुग्णावर उपचार शिकवणाऱ्या प्रयोगशाळांच्या बातम्या अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. फोटोत फीत कापणारे पाहुणे पुढे असतात, विद्यार्थी कुठेतरी मागे. मी तेहतीस वर्षे सरकारी रुग्णालयांत काढली, त्यातली निम्मी लेबर रूममध्ये. म्हणून हा पत्रप्रपंच.

यंत्राला माझा विरोध नाही. आम्ही इंजेक्शन शिकलो ते आधी संत्र्यावर आणि मग थेट पेशंटच्या दंडावर. इंटर्नला शीर सापडेपर्यंत चार ठिकाणी टोचून घेणारे पेशंट गरीबच असत; ओळखीपाळखीच्या माणसाला सलाईन लावायला मात्र अनुभवी सिस्टरला हाक जाई. हात बसायचा तो डमीवर बसलेला बरा. 2019 पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम कौशल्यावर आधारित झाला आणि महाविद्यालयांना स्किल लॅब, म्हणजे डमीवर हात बसवायची प्रयोगशाळा, सक्तीची झाली, ते योग्यच झाले.

पण सामान आले म्हणजे शिक्षण आले, असे होत नाही. मी होते त्या एका ठिकाणी हृदय बंद पडलेल्या पेशंटची छाती दाबायला शिकण्याचा पुतळा कपाटात कुलूपबंद असे. तपासणी पथक यायचे म्हटले की तो टेबलावर येई, पथक गेले की परत आत. अंगावरचे प्लॅस्टिकसुद्धा कुणी काढले नव्हते, कारण मोडला तर भरपाई कुणाच्या पगारातून, हा प्रश्न होता! मिनिटाला 100 ते 120 वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल छाती दाबायची, हे आम्ही सगळ्यांनी परीक्षेत अचूक लिहिले होते. प्रत्यक्षात दोन मिनिटांत खांदे भरून येतात, हे मला पहिल्यांदा कळले ते खऱ्या पेशंटवर.

आभासी सरावाच्या बाजूने अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या एका चाचणीचा दाखला नेहमी दिला जातो. ती 2002 साली प्रसिद्ध झाली. सोळा निवासी डॉक्टर होते, त्यांतल्या निम्म्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याआधी संगणकावर सराव केला. त्यांचे काम 29 टक्के लवकर झाले. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा तापलेल्या अवजाराने भलतीकडे भाजण्याची शक्यता पाचपट निघाली. यात दोन गोष्टी कुणी सांगत नाही. तिथे चष्मा नव्हताच, साधा पडदा आणि हातात धरायची अवजारे होती. आणि तज्ज्ञ सर्जनांनी त्याच यंत्रावर गाठलेली पातळी येईपर्यंत प्रत्येकाकडून सराव करून घेतला होता. आपल्याकडे साठ मुलांच्या बॅचला एक तास मिळाला, तर कुणाची पातळी कुठे पोहोचणार?

दुसरे, पीपीएच म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव एकट्या डॉक्टरने थांबत नाही. एकीने पोटावरून गर्भाशय चोळायचे, दुसरीने गर्भाशय आकसवणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन भरायचे, तिसरीने सलाईन लावायचे, मावशीने रक्तपेढीकडे पळायचे. यात कोण काय करणार हे ठरलेले नसले की सगळ्या एकाच ट्रेवर झडप घालतात. सराव असा सगळ्यांचा मिळून हवा. त्यासाठी ‘मामा नॅटली’ नावाची एक साधी वस्तू आहे. शिकवणारी ती पोटावर बांधते, आतून बाहुली बाहेर येते, खोटे रक्त किती वाहू द्यायचे हे तिच्याच हातात असते. ती कण्हते, घाबरते, “सिस्टर, मला चक्कर येतेय” म्हणते. तिच्याशी बोलायचे कुणाला सुचले नाही, हेही मग सर्वांसमोर उघडे पडते. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे नावाची सुईण कापडाची बाई आणि कापडाचेच बाळ घेऊन गावोगाव बायकांना बाळंतपण शिकवत हिंडली होती. ती काय वेगळे करत होती?

तेव्हा चष्मे जरूर घ्या. पण त्याआधी लॅबसाठी पूर्णवेळ शिकवणारा माणूस नेमा, नर्सिंगच्या मुलींना त्याच बॅचमध्ये बसवा आणि किल्ली साहेबांच्या खिशात ठेवू नका.

आपल्या वार्ताहरालाही एक विनंती. उद्घाटनाच्या बातमीनंतर सहा महिन्यांनी पुन्हा तिथे जावे आणि फक्त हजेरीचे रजिस्टर मागावे.

आपली,
एक निवृत्त परिसेविका,
सातारा