अंगण खरंच वाकडं होतं

प्रिय मिलिंद,

पत्र मिळालं, त्या जुन्या स्पीकरच्या जोडीचा फोटोही मिळाला. फोटो झकास आहे, पण समोरून काढलेला आणि जाळ्या लावलेला. पाकीट बघून आतलं पत्र ओळखायला सांगतोयस तू! वर प्रश्न काय, तर 'घेऊ का? एका शब्दात सांग.' एका शब्दात सांगता आलं असतं तर मी इतके रविवार स्क्रू ड्रायव्हर हातात धरून जमिनीवर पालथा पडून घालवले नसते. तेव्हा आता सगळं ऐकून घे.

जुने स्पीकर घ्यायला माझा विरोध नाही. उलट नवे घेणाऱ्यांचंच मला नवल वाटतं. ॲम्प (स्पीकरला ताकद पुरवणारा ॲम्प्लिफायर) जुना झाला की त्याची बटणं खरखरायला लागतात, सीडी प्लेअरची लेझर मान टाकते. स्पीकर म्हणजे शेवटी काय, एक जड पेटी, तिच्यात तीन-चार ड्रायव्हर (प्रत्यक्ष आवाज काढणारे भाग) आणि तळाशी मूठभर कपॅसिटर नि कॉइली. वूफर (खालच्या सुरांचा मोठा ड्रायव्हर) आणि पेटी एकमेकांना कशी जुळवायची याचं गणित नेव्हिल थील या अभियंत्यांनी 1961 मध्ये मांडलं, रिचर्ड स्मॉल यांनी 1970च्या दशकात ते पुढे नेलं, आणि आज नवी पेटी आखणाराही तेच आकडे घेऊन बसतो. त्यामुळे 25 वर्षांपूर्वी नीट विचार करून बनवलेली पेटी जुन्या फोनसारखी निकामी होत नाही. किंमत मात्र फोनसारखीच घसरते. आपल्यासारख्यांचं फावतं ते तिथे.

माझी पहिली जोडी आठवते ना? जिन्याच्या वळणावर 'खाली ठेव, खाली ठेव' म्हणून तू ओरडला होतास ती. विकणाऱ्याने ती मला अगदी हळू आवाजात ऐकवली होती. एक गळा, एक तानपुरा, बास. मी तिथेच विरघळलो. घरी आणून पहिल्यांदा आवाज वाढवला तर डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याला एक वूफर फाटलेल्या पतंगासारखा फडफडायला लागला. जाळी काढली, कोनाभोवतीच्या (वूफरच्या हलणाऱ्या शंकूभोवतीच्या) फोमच्या कडेला बोट लावलं, तर बोटाला काळा चिकट भुगा. त्या माणसाने जाळी काढायची वेळच येऊ दिली नव्हती, आणि 'काढा' म्हणायचं मलाही सुचलं नव्हतं.

ती कड पॉलियुरेथेन फोमची असते. हवेतला दमटपणा तिला आतून कुजवतो, ऊन पडत असेल तर आणखी लवकर. साधारण 15-20 वर्षांत तिचा भुगा होतो, स्पीकर वाजवा की झाकून ठेवा. म्हणून 'फारच कमी वापरलेत हो' या वाक्यावर हुरळून जाऊ नकोस. फोमला वापराशी काही देणंघेणं नसतं. रबराची कड असेल तर मात्र निवांत राहा, ती पुष्कळ टिकते.

कड बदलणं हे काम वाटतं तितकं अवघड नाही, फक्त वेळखाऊ आहे. जुना फोम आणि डिंक खरवडायचा, मधली टोपी ब्लेडने अलगद कापायची, व्हॉइस कॉइल (कोनाला जोडलेली तारेची गुंडाळी) आणि मधला लोखंडी खांब यांच्या फटीत प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या चारी बाजूंनी खोचायच्या म्हणजे कॉइल बरोबर मध्ये राहते, मग नवी कड चिकटवायची आणि डिंक वाळेपर्यंत हात आवरायचा. मी तो आवरला नाही. पहिल्या वूफरच्या पट्ट्या रात्रीच उपसल्या, आणि सकाळी कोन दाबला तर आतून खर्र. कॉइल चुंबकाला घासत होती. पुन्हा सगळं सोडवलं, पुन्हा चिकटवलं. दुसऱ्या खेपेला दोन दिवस त्या खोलीत पाऊलच टाकलं नाही.

तो खर्र आवाज लक्षात ठेव. कुठलीही जोडी बघायला गेलास की जाळी काढायची, दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर ठेवून तो हलकेच सरळ आत दाबायचा आणि कान लावायचा. गप्प असला तर ठीक. मल्टिमीटर जवळ ठेव. 8 ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या रोधाचं माप) म्हणवणारा वूफर मीटरवर साधारण 6 ओहम दाखवतो, त्यात बिघाड नाही. डावा 6 आणि उजवा 4 दाखवत असेल तर कुणीतरी मध्येच भलता ड्रायव्हर बसवलाय, किंवा कॉइल जळून तिचे काही वेढे एकमेकांना चिकटलेत. दोन्ही पेट्यांचे अनुक्रमांकही बघ, जोडी जन्मापासूनची आहे का ते त्यावरून कळतं.

तर दुरुस्ती झाली, आवाज सुरेख आला. इथपर्यंत मी शहाणा होतो. मग सुधारणेची खाज सुटली.

क्रॉसओव्हर, म्हणजे कुठले सूर कुठल्या ड्रायव्हरकडे जायचे ते वाटून देणारी तळाची जोडणी, उघडला तर आत जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. ते वयपरत्वे वाळतात हे वाचून होतो. मी उपसून टाकले आणि जागी महागडे पॉलिप्रॉपिलीनचे बसवले. ते इतके मोठे की मूळच्या पट्टीवर मावेनात, म्हणून ते पेटीच्या तळाला चिकटवले. पहिले आठ दिवस काय विचारतोस! 'हे पूर्वी ऐकूच येत नव्हतं' असं घरात प्रत्येकाला बोलावून सांगत होतो. नवव्या दिवसापासून तासाभराने डोकं दुखायला लागलं. तानपुऱ्याची जवारी अशी किरकिरायला लागली की पितळेची तार खिडकीच्या काचेला घासतेय.

काढलेले कपॅसिटर मी फेकले नव्हते, नशीब. कपॅसिटर मोजणारा एलसीआर मीटर मिळवून मोजले तर त्यांची क्षमता जवळपास छापल्याबरहुकूम होती, आणि ट्विटरच्या (बारीक, उंच सुरांच्या ड्रायव्हरच्या) वाटेतल्या जुन्या कपॅसिटरला अर्ध्या ओहमच्या आसपास अंगचा रोध होता. नव्यांना तो जवळजवळ नाहीच. ज्याने क्रॉसओव्हर आखला त्याने तो अर्धा ओहम हिशेबात धरूनच ट्विटरची पातळी ठरवली होती, आणि मी सुधारणा म्हणून तोच खाऊन टाकला. फरक म्हटला तर पाऊण डेसिबलसुद्धा नाही. पण एखाद्या सुरापुरता नव्हे, ट्विटरचा अख्खा पट्टा तेवढा वर चढतो, आणि कानाला ते सोसत नाही. शेवटी प्रत्येक बाजूला अर्ध्या ओहमचा एकेक रेझिस्टर लावला, अगदी किरकोळ वस्तू, आणि माझे स्पीकर परत आले. तेव्हापासून घरात दोन शब्द मी वेगळे ठेवलेत. दुरुस्ती म्हणजे वस्तू होती तशी करणं. सुधारणा म्हणजे बनवणाऱ्याहून आपण हुशार आहोत असं समजणं. कपॅसिटर खरोखर वाळलेले असले तर बदलावेच लागतात, पण तेव्हाही अंगचा रोध मोजून, तेवढ्याला तेवढा.

इतकं कळूनही मोठी जोडी घेतलीच. वूफर दुप्पट, उंची छातीपर्यंत, एकेक पेटी पन्नास किलोच्या घरात. का घेतली म्हणशील तर दिसायला भव्य होती म्हणून. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी 1994 मध्ये एक प्रयोग मांडला होता. त्याच लोकांना तेच स्पीकर आधी पडद्याआड आणि मग डोळ्यांसमोर ठेवून ऐकवले, तर पसंती बदलली. देखण्या, मोठ्या पेट्यांना डोळ्यांनी जास्त गुण दिले. हे मी घेण्याच्या आधी वाचलेलं होतं, बरं का.

घरी आल्यावर दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे माझा गरीब ॲम्प जरा जोरात वाजवला की गप्प व्हायचा. मागच्या पट्टीवर 8 ओहम छापलेलं असलं तरी मोठ्या स्पीकरचा रोध काही सुरांना 3-4 ओहमपर्यंत उतरतो, आणि तिथे ॲम्पला दुप्पट-अडीचपट करंट पुरवावा लागतो. ज्याच्या अंगात तो नाही तो एकतर झोपतो किंवा लाटेची डोकी छाटायला लागतो. अशा छाटलेल्या आवाजाने ट्विटर जळतात. लहान ॲम्प पिळून वाजवला तरी ट्विटर जळू शकतो, हे ऐकायला उलटं वाटतं पण तसं आहे. वॅट मोजत बसू नकोस. आवाज कानाला दुप्पट वाटायला सुमारे 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. 60 वरून 100 वॅटवर गेलास तर दोन डेसिबलहून थोडेच जास्त वाढतात. ॲम्प 4 ओहमला किती देतो तेवढं विचार.

दुसरी गोष्ट खोलीची. काहीही लावा, खालचा आवाज एकाच सुराला घुम्म करून बसायचा. मी स्पीकरला शिव्या घातल्या, ॲम्पला घातल्या, वायर बदलली (वायरीविषयी मी पत्रात लिहिणार नाही, आपली मैत्री टिकायला हवी). नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ना, इथे नाचणारा पट्टीचा होता आणि अंगण खरंच वाकडं होतं. माझी खोली 5 मीटर लांब, 3.5 रुंद. आवाजाचा वेग सेकंदाला 343 मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की 34 हर्ट्झ, रुंदीच्या दुपटीने भागलं की 49. या दोन सुरांना खोली स्वतःच घुमते. पहिली जोडी इतकं खाली उतरतच नव्हती, म्हणून हे भूत तोवर झोपलेलं होतं. मोठ्यांनी त्याला उठवलं.

मग एक मापाचा माइक घेतला, संगणकावर रूम ईक्यू विझार्ड हा फुकट प्रोग्रॅम चढवला आणि स्पीकर बोटभर बोटभर सरकवत बसलो. भिंतीपासून 20 सेंटीमीटरवर होते ते 75 वर आणले, माझी खुर्ची मागच्या भिंतीपासून पुढे ओढली, पेटीच्या मागच्या पोर्टमध्ये (हवा जायच्या भोकात) स्पंजचे बोळे कोंबले. आलेखावरचा डोंगर टेकडी झाला. खोलीत चालायला जागा उरली नाही, आणि त्याबद्दल घरात जे बोललं जातं ते तुला माहीत आहे.

आता तुझी जोडी. फोटोत वरचं वेगळं डोकं आणि त्यावर बसवलेली ट्विटरची निमुळती नळी दिसतेय, म्हणजे ती बॉवर्स अँड विल्किन्सच्या 1998 मध्ये आलेल्या नॉटिलस 800 मालिकेतली असणार. चांगली वस्तू आहे. मधल्या केव्हलारच्या (पिवळ्या विणलेल्या धाग्याच्या) कोनाला रबराची कड नाही म्हणून घाबरू नकोस, तो आखलेलाच तसा आहे. दोन्ही बाजूंच्या केव्हलारचा रंग ताडून बघ. उन्हाने ते पिवळ्याचं तपकिरी होतं, आणि एकच बाजू तपकिरी असेल तर एक पेटी वर्षानुवर्षं खिडकीशी उभी होती, किंवा एक कोन नंतर आलेला आहे. ट्विटरची घुमटी ॲल्युमिनियमची असते, कुणा पोराने बोट खुपसलंय का ते टॉर्च तिरपा धरून बघ. वूफरच्या टोपीवरचा खड्डा मी माफ करतो, ट्विटरवरचा नाही.

दुसऱ्या पानावर तू जुन्या केईएफ 107 या स्पीकरचा विषय काढला आहेस. तिच्यासोबत क्यूब नावाची एक वेगळी इलेक्ट्रॉनिक पेटी यायची, खालचा आवाज सावरणारी. आखणीतच ती धरलेली आहे. विकणारा 'ती कुठेतरी होती' म्हणाला असेल तर ती सापडेपर्यंत बोलणी थांबव. शिवाय तिचे वूफर पेटीच्या आत लपलेले असतात, जाळी काढून दिसत नाहीत, त्यामुळे जोरात वाजवून ऐकल्याशिवाय हो म्हणू नकोस.

माझं विचारशील तर तुझ्या खोलीला यातलं काहीही मोठंच पडेल असा मला दाट संशय आहे. माझी पहिली जोडी अजून आतल्या खोलीत आहे, नव्या फोमसह आणि त्या अर्ध्या ओहमसह, आणि दमून आलो की मी तिच्यासमोरच बसतो. पण तुझे डोळे त्या उंच पेट्यांवर बसलेत हे अक्षरावरूनच दिसतंय, तेव्हा उपदेश पुरे.

उलटटपाली मला खोलीची लांबी, रुंदी, उंची कळव आणि फोटो पुन्हा पाठव, जाळ्या काढून, एक मागून आणि एक अनुक्रमांकांचा. सौदा झालाच तर उचलायला मी येईन. फक्त या वेळी वर चालणारा तू, खालच्या बाजूला मी नाही, आणि वळणावर 'खाली ठेव' मी ओरडणार.

तुझा,
अविनाश