दिन्या, तुझा दात आठवला

कऱ्हाड, रविवार रात्र

प्रिय दिन्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आम्ही सगळे ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच, माझी शुगर आहे तशीच.

'सगळे ठीक' हे सवयीनं लिहून गेलो. दहा-बारा दिवस झाले, बुधवारी रात्री जेवताना आमच्या ओमला फिट आली. आमटीचा भुरका मारता मारता थांबला, नजर वर गेली, घशातून कसलासा आवाज आला आणि पोरगं ताटावरच आडवं. मग हातपाय झटकायला लागलं, ओठ निळे. चौदा वर्षांचं पोर रे. आणि मला काय आठवावं? हॉस्टेलची खोली नंबर सात, तुला आलेली फिट, मी तुझ्या तोंडात कोंबलेला मेसचा स्टीलचा चमचा आणि तुझा तुटलेला पुढचा दात.

खोटं कशाला बोलू, हात चमच्याकडे गेला होता. मागे घेतला. ताट-पाट लांब सारले, टॉवेलची घडी डोक्याखाली सरकवली, शर्टाचं बटण सोडलं, जमेल तसा कुशीवर वळवला आणि लाळ गळू दिली. तेवढ्यात शेजारच्या काकू कांदा फोडून घेऊन आल्या, त्यांच्या मागं काका चप्पल घेऊन. दोघांना दारातच थोपवलं. आई किल्ल्यांचा जुडगा त्याच्या मुठीत कोंबत होती, तिच्यावर जन्मात पहिल्यांदा ओरडलो. हातपाय दाबू दिले नाहीत, पाणी पाजू दिलं नाही. नजर भिंतीवरच्या घड्याळावर. दोन मिनिटं दहा सेकंद. पाच मिनिटांच्या वर गेली की वाट बघत थांबायचं नाही, थेट दवाखाना, हे तुझंच. ही तर पहिलीच, म्हणून थांबल्यावर लगेच नेलंच.

शिकवलंस म्हणजे तरी कसं! "जीभ गिळता येत नाही रे गाढवा, ती खालून शिवलेली असते!" त्यावरून आपण अख्खी टर्म बोललो नव्हतो. मी तुला वाचवलं म्हणून वॉर्डनपुढे छाती काढत होतो, आणि तू तोंडाला रुमाल लावून रडत होतास.

एमआरआयमध्ये मेंदूत एकच बारकी गाठ दिसली. पट्टकृमीची. आई हादरली, "माळकऱ्याच्या घरात डुकराचा किडा?" डॉक्टरांनी समजावलं की डुकराचं मटण खाणाऱ्याच्या पोटात तो किडा वाढतो, पण त्याची अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून मातीत, पाण्यात, भाजीवर जातात. नीट न धुतलेल्या कोथिंबिरीतून तुळशीची माळ घातलेल्याच्याही पोटात जातात, आणि तिथून अळी मेंदूत पोचते. तेव्हापासून आई कोथिंबीर तीन पाण्यांतून काढते आणि बाजारात जाऊन भाजीवालीशी भांडते. फिटची गोळी सकाळ-संध्याकाळ, एकही चुकवायची नाही. रात्री मॅच बघत जागणं बंद, कृष्णेत पोहणं तूर्त बंद, बाथरूमची कडी लावायची नाही. या शेवटच्यावर तो सगळ्यात जास्त चिडलाय.

पण माझी झोप उडालीय ती शाळेपायी. आई आणि ही, दोघींचं एकच, कुणाला कळता कामा नये, उद्या पोराला नाव ठेवतील. मी म्हणतो, वर्गात पडला आणि कुणी तोंडात पट्टी घातली तर? म्हणतो खरा, पण सोमवारी शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. मला तोंड आहे का बोलायला? 1997 साली, लग्नाआधी, वहिनींच्या घरी तुझ्या फिटचं सांगू नकोस म्हणून तुझ्या मागं लागलेला मीच. तेव्हा हिंदू विवाह कायद्यात वेडाबरोबर अपस्मारही, म्हणजे हाच फिटचा आजार, होता, लग्न रद्द व्हायला पुरत होता. तो शब्द 1999 मध्ये काढला. तू मात्र चहाच्या टपरीवर मला म्हणालास, "लपवून नांदायचं तर रोज गोळी कुठं बसून खाऊ, संडासात?" आणि जाऊन सांगून आलास. मी आठवडाभर फुगून बसलो होतो, कारण काय ते आता आठवतही नाही.

पोरीचं ॲडमिशन झालं का? पाठीचं काय? वहिनींना नमस्कार.

काम एकच आहे. शुद्धीवर आल्यावर ओमनं विचारलं, "बाबा, मी काय केलं?" पँट ओली झाली होती, ती दोन्ही हातांनी झाकत होता. मी म्हणालो, काही नाही. त्यानंतर तो माझ्याशी धड बोललेला नाही. दिन्या, त्याला फोन कर. संध्याकाळी सहानंतर घरी असतो. त्यातून उठल्यावर आतून कसं वाटतं ते मला कुठं ठाऊक? तुला ठाऊक आहे.

तुझा,
बाळ्या

ता. क. दाताच्या कॅपचे पैसे अजून माझ्याकडे आहेत, माहीत आहे. व्याज मागू नकोस.