कांदा, लसूण आणि लिली: सांगलीच्या मित्रास पत्र

सातारा,
१८ मे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

विश्रामबागेतील घरामागची मोकळी जागा फरशी घालून बंद करण्याचा बेत तू रद्द केलास, हे वाचून फार बरे वाटले. तेथे कोणत्या लिली लावाव्यात आणि घरापुरता कांदा-लसूण त्याच जागेत काढता येईल का, असे दोन प्रश्न तू विचारले आहेस. मला ते एकाच प्रश्नाचे दोन भाग वाटतात. कुंडीत लाल, कर्ण्याच्या आकाराची फुले देणारी लिली आणि स्वयंपाकघरातील टोपलीतला कांदा हे वनस्पतिशास्त्राच्या आजच्या मांडणीनुसार भाऊबंद आहेत. आपल्या कॉलेजच्या पुस्तकांत कांदा लिलिएसी कुळात असे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एपीजी-३ या फुलझाडांच्या वर्गीकरणाने कांदा-लसणाचा सगळा गट ॲमारिलिडेसी या लाल लिलीच्याच कुळात आणून बसवला. याच फेरमांडणीत निशिगंध मात्र शतावरीच्या कुळात गेला आहे, त्यामुळे तुझ्या आवडीचा असूनही त्याला या पत्रातून वगळतो.

हे नाते पुस्तकावाचूनही पटेल. एक कांदा आणि लाल लिलीचा एक कंद घेऊन दोन्ही उभे चिरावेत. दोहोंत तळाशी एक कठीण, चपटी तबकडी दिसते. मुळे तिच्याखाली फुटतात आणि पांढऱ्या, मांसल पाकळ्या तिच्यावर एकीत एक बसलेल्या असतात. या पाकळ्या म्हणजे पानांचे फुगलेले बुडखे. लिलीच्या कंदात त्यांच्या बेचक्यांत पुढच्या हंगामाची कळी आधीच तयार होऊन बसलेली आढळते, कधी कधी एकीपलीकडे दुसरीही. म्हणजे या वर्षी चैत्रात फूल येणार की नाही, हे मागच्या पावसाळ्यात पानांनी किती ऊन खाल्ले आणि कंदात किती साठवण केली यावर ठरलेले असते. फूल गळताच पाने अस्ताव्यस्त दिसतात म्हणून ती कापून टाकणारे लोक पुढच्या वर्षी "या कंदाला फूलच येत नाही" अशी तक्रार करतात, तेव्हा मला हसू आवरत नाही. वाळलेला फुलाचा दांडा कापावा. पान स्वतः पिवळे होऊन झोपेपर्यंत त्याला हात लावू नये.

या कुळातील बहुतेक वनस्पतींनी कंद धरला तो प्रतिकूल काळ जमिनीखाली काढण्यासाठी. म्हणून पाणी केव्हा द्यावे यापेक्षा ते केव्हा तोडावे, हे कळणे मला अधिक मोलाचे वाटते आणि शेतातल्या कांद्यालाही तेच लागू आहे. आपल्याकडे लोक झाडावर माया करतात ती पाणी घालून, आणि कंद मरतात ते बहुधा त्या मायेनेच. त्यातून तुमची कृष्णाकाठची काळी माती! उसाला ती उत्तम, पण एकदा भिजली की आठवडाभर ओल सोडत नाही. अशा मातीत कंद थेट पुरलास तर श्रावणापर्यंत त्याची तबकडी मऊ पडून कुजका वास येऊ लागेल. त्यावर उपाय दोनच: वीतभर उंचीचा गादीवाफा करणे किंवा कुंडी वापरणे. मातीत पोयटा, जुने शेणखत आणि जाड वाळू सारख्या प्रमाणात मिसळ, मूठभर निंबोळी पेंड घाल आणि कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे टाकायला विसरू नकोस.

आता लाल लिलीविषयी. रोपवाटिकेत जी ॲमारिलिस म्हणून विकली जाते, ती जवळजवळ नेहमी दक्षिण अमेरिकेतून आलेली हिपीॲस्ट्रम असते. खरी ॲमारिलिस दक्षिण आफ्रिकेतील असून तिचा दांडा भरीव असतो, हिपीॲस्ट्रमचा पोकळ. एवढी खूण पुरे. कंदापेक्षा दोन बोटे रुंद अशी कुंडी घ्यावी, ऐसपैस कुंडीत माती उगाच ओली राहते. कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर राहील असा तो बसवावा आणि पाणी कडेने घालावे, मानेत साचू देऊ नये. पानांवर व दांड्यावर तांबडे, लांबट चट्टे पडणारा एक बुरशीजन्य रोग या कंदांना होतो. पाने सतत ओली राहिली की तो फोफावतो. पावसाळाभर तिला ऊन व खत मिळू दे, दिवाळीनंतर पाणी कमी करत कुंडी कोरडी पडू दे आणि माघ सरता सरता एकदा भरपूर पाणी दे. बहुधा पानांच्या आधी दांडाच वर येतो.

तिची संख्या वाढवण्याची एक रीत तुला आवडेल, कारण तुझा हात सुरीवर स्थिर आहे. विश्रांतीतला निरोगी, मोठा कंद घ्यायचा, मुळे छाटायची आणि संत्र्याच्या फोडींसारखे त्याचे उभे आठ भाग करायचे. प्रत्येक फोडीला तळाच्या तबकडीचा तुकडा राहिलाच पाहिजे. तो नसेल तर फोड नुसती सडते. चिरलेली बाजू बुरशीनाशकात बुडवून सावलीत वाळवायची आणि फोडी जेमतेम ओलसर वाळूत अर्ध्या पुरून ठेवायच्या. काही आठवड्यांनी पाकळ्यांच्या मध्ये, अगदी तबकडीला चिकटून, हरभऱ्याएवढे पांढरे कंद धरलेले दिसतात. त्यांना फुले यायला तीनेक वर्षे लागतात, पण तू निवृत्त आहेस आणि तुझा उतावळेपणा आता कमी झाला असावा, असे मी गृहीत धरतो.

पावसाळी लिलीला, म्हणजे झेफिरॅन्थिसला, इतके लाड लागत नाहीत. पांढरी, पिवळी आणि गुलाबी अशा तिन्ही लाव. कंद काही काळ कोरडे राहिले आणि मग एक जोरदार सर पडली की चार-सहा दिवसांत सगळ्या वाफ्यावर एकदम फुले उभी राहतात. पाऊस लांबला तर हौदाच्या पाण्यानेही ही गंमत करता येते, मात्र पाइपच्या पाण्याला त्या तितक्या उत्साहाने दाद देत नाहीत असा माझा अनुभव आहे. फुटबॉल लिलीचा तांबडा गोंडा तर याच दिवसांत येतो. तिला दुपारची सावली हवी आणि हिवाळ्यात पूर्ण कोरडी झोप हवी.

पाणी तोडण्याच्या नियमाला अपवादही आहेत आणि तुझ्या मातीत तेच सर्वांत सुखी होतील. मोरीचे पाणी जेथे जिरते तेथे नागदवणा आणि स्पायडर लिली लाव. दोन्ही बारमाही हिरव्या राहतात, ओल सोसतात आणि त्यांना विश्रांतीची फिकीर नसते. नागदवण्याचे बी अवश्य पाहा: हिरवट, मांसल, सुपारीएवढे किंवा त्याहून मोठे, आणि इतके अधीर की माझ्या खिडकीच्या कट्ट्यावर माती-पाण्याशिवाय ठेवलेल्या बीलाही मूळ फुटून ते लाकडावर सरपटत गेलेले मी पाहिले आहे. जागा मात्र आधीच नीट ठरव, कारण एकदा बसलेला नागदवणा उपटणे म्हणजे पहारीचे काम आहे.

पावसाच्या सुरुवातीपासून पानांची मागची बाजू पाहत जा. काळ्या अंगावर फिकट ठिपके असलेल्या अळ्या झुंडीने येतात, लहान असताना पानाच्या आत शिरून पोखरतात आणि नंतर थेट कंदात उतरतात. संध्याकाळी हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे हा घरच्या बागेला पुरेसा उपाय आहे. त्यांची विष्ठा पानाच्या बेचक्यात ओल्या चहापत्तीसारखी साचते, ती दिसली की समजावे.

आता कांदा. खरिपाचा कांदा तुझ्या जागेत करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पावसाळी हवेत जांभळा करपा हा बुरशीचा रोग पात खाऊन टाकतो आणि घरगुती वाफ्यासाठी फवारण्या करत बसणे शहाणपणाचे नाही. पावसाळ्यात फक्त पातीसाठी जुने, कोंब आलेले कांदे लाव. झुणक्यापुरती पात मिळत राहील. खरा कांदा रब्बीचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोप टाक, सात-आठ आठवड्यांचे झाले की १५ बाय १० सेंटिमीटर अंतरावर लाव. बी त्याच वर्षीचे घे, कारण कांद्याच्या बियांची उगवणशक्ती फार लवकर जाते. एन-२-४-१ हे जुने, टिकाऊ वाण. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा किरण आणि भीमा शक्तीही रब्बीला चांगले. ऑनलाइन मिळणाऱ्या परदेशी बियांच्या चित्रांना भुलू नकोस. कांदा कंद धरतो तो दिवसाच्या लांबीच्या इशाऱ्यावर. युरोपातील उन्हाळ्याच्या चौदा-सोळा तासांच्या दिवसावर पोसलेले वाण आपल्याकडे नुसती पात वाढवत राहते. रोप फार जून झाले आणि त्यात थंडी कडाक्याची पडली तर डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात. असा कांदा साठवणीत टिकत नाही, तो आधी खाऊन संपवावा.

निम्म्या पातीने मान टाकली की कांदा काढणीला आला असे आमच्याकडे लोणंद भागातील शेतकरी मानतात आणि पाणी त्याआधीच पंधरा-वीस दिवस तोडतात. काढलेला कांदा पातीसकट दोन-तीन दिवस शेतातच, एकाची पात दुसऱ्या कांद्यावर येईल अशा रीतीने पसरतात, मग बोटभर मान ठेवून पात कापतात आणि सावलीत सुकवतात. मान नीट सुकून मिटली तर कांदा चार-पाच महिने राहतो. मान ओली राहिली तर सड तेथूनच आत शिरते. लिलीचा कंद उकरून ठेवतानाही मी हीच पद्धत पाळतो.

लसूण दसऱ्यानंतर, ऑक्टोबर अखेरपर्यंत लाव. गड्डा आदल्या दिवशीच फोडावा, बाहेरच्या जाड पाकळ्या निवडाव्यात आणि टोक वर ठेवून दोन बोटे खोल खोचाव्यात. भीमा पर्पल किंवा गावरान लसूण घे. बाजारात मिळणारा टपोऱ्या पाकळ्यांचा उत्तरेकडचा डोंगरी लसूण इथे गड्डा धरत नाही, त्यालाही दिवस लांब लागतो.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो, कारण तुझ्या घरी नातवंडे येतात. फुलांचे वाफे आणि खाण्याचे वाफे शेजारी शेजारी ठेवू नकोस. लिली, नागदवणा, स्पायडर लिली यांच्या कंदांत लायकोरिनसारखी विषारी द्रव्ये असतात आणि कंद पोटात गेला तर उलट्या, जुलाब सुरू होतात. पावसाळी लिलीचा कंद तर सोललेल्या छोट्या कांद्यापासून ओळखू येत नाही आणि तिची पाने पातीत सहज मिसळू शकतात. कांदा-लसूण चिरताच गंधकाचा उग्र वास येतो, लिलीच्या कंदाला तो येत नाही. पण ज्या बोटांनी आधी लसूण सोलला आहे त्या बोटांवर भरवसा ठेवून ही परीक्षा करू नये. वाफे घराच्या दोन बाजूंना ठेवले की शंकेला जागाच राहणार नाही. कुत्रा पाळणार असशील तर त्याला कांदा-लसूणही घातक आहे, हे ध्यानात असू दे.

आणि कासला आलास की तेथून काही उकरून नेण्याची इच्छा आवर. हे तुला सांगावे लागू नये, पण गाड्यांच्या डिकीत मातीसकट कंद घेऊन उतरणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे आणि या कुळातील आपली खरी घरची मंडळी याच डोंगरात राहतात. क्रायनम ब्रॅकिनिमा ही पांढरी लिली पहिल्या पावसाच्या सुमारास फुलते आणि सह्याद्रीच्या उत्तर भागाबाहेर ती नाही. महाबळेश्वर परिसरातील क्रायनम वूड्रोवी तर त्याहूनही दुर्मीळ. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरपेक्षा अधिक पावसात आणि जांभ्याच्या पातळ मातीत वाढलेला कंद तुझ्या विश्रामबागेत एक पावसाळाही काढणार नाही. तो तेथेच पाहावा. जूनमध्ये ये, दोघे मिळून जाऊ. माझे गुडघे अजून तेवढी साथ देतात.

माझा पुतण्या येत्या रविवारी मिरजेला येणार आहे. त्याच्याबरोबर पिवळ्या व गुलाबी पावसाळी लिलीचे कंद, नागदवण्याचे बी आणि फुटबॉल लिलीचे कंद पाठवतो. फुटबॉल लिलीला कोंब आलेला आहे, म्हणून तिला कागदातून काढून त्याच संध्याकाळी कुंडीत बसव आणि कोंब मोडू देऊ नकोस. बाकीचे कंद आठवडाभर सावलीत पडून राहिले तरी चालतील. लाल लिली इतक्यात मागू नकोस. तिची पाने आता भर जोमात आहेत, ती दिवाळीनंतर झोपली की मी कंद काढून देईन. तोवर त्या जागेत सकाळचे ऊन किती वाजेपर्यंत राहते आणि कूपनलिकेचे पाणी खारट आहे का, एवढे मला कळव. क्षारांचा प्रश्न असेल तर कांद्याच्या वाफ्याचा विचार थोडा वेगळा करावा लागेल.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
बाळमित्र