मा. संरक्षणमंत्र्यांस खुलं पत्र : उपग्रहाच्या इशाऱ्यावर शंका घेण्याचा अधिकार नियमात लिहा

प्रति,
मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार

सादर नमस्कार.

मी सोलापुरात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. माझ्या वर्गातली काही मुलं पुढे सैन्यात जातात, हवाई दलात जातात. त्यातलंच एखादं उद्या तुमच्या नियंत्रण कक्षात पडद्यासमोर बसलेलं असेल, म्हणून हे पत्र.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारनं ५२ टेहळणी उपग्रहांच्या योजनेला मंजुरी दिली. शत्रूचं क्षेपणास्त्र सुटताक्षणी इशारा देणारे उपग्रहही आज ना उद्या आपल्याला लागणार, आणि ते आपण करावेतच. माझं मागणं वेगळं आहे. एकट्या उपग्रहाच्या इशाऱ्यावर कोणतंही पाऊल उचलायचं नाही आणि त्या इशाऱ्यावर शंका घेणाऱ्या अधिकाऱ्याला नियमाचं संरक्षण द्यायचं, हे उपग्रह उडण्याआधी ठरवा.

या उपग्रहांचा इतिहासच हे मागायला लावतो. अमेरिकेच्या ‘मिडास’ मालिकेतला पहिला उपग्रह फेब्रुवारी १९६० मध्ये कक्षेत पोचलाच नाही. प्रत्यक्ष क्षेपणास्त्रांची उड्डाणं टिपायला मे १९६३ उजाडला. मग १९७० पासून ‘डीएसपी’ उपग्रह आले. जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर राहून ते मिनिटाला सहा वेळा स्वतःभोवती फिरत, म्हणजे दर दहा सेकंदांनी पृथ्वीवर नजर टाकत. १९९१ च्या आखाती युद्धात इराकच्या स्कड क्षेपणास्त्रांची खबर त्यांनीच दिली. जानेवारी २०२० मध्ये इराणनं इराकमधल्या अल असद या अमेरिकी सैन्याच्या तळावर मारा केला, तेव्हाही आधी मिळालेल्या सूचनेमुळे सैनिकांना आडोसा गाठता आला. इतकं मोलाचं हे साधन आहे.

मे महिन्यात इथला पारा ४४ वर गेला की वर्गात प्रश्न येतो : सर, एवढं तापलेलं सोलापूर बघून उपग्रह फसत नाही का? नाही फसत, आणि त्याचं कारण सुंदर आहे. हे उपग्रह मुख्यतः २.७ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश पाहतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). रॉकेटच्या ज्वाळेतली तप्त वाफ आणि कार्बन डायऑक्साइड तो जोरात सोडतात. हवेतली वाफ मात्र नेमका हाच प्रकाश शोषून घेते, त्यामुळे तापलेली जमीन वरून काळीच दिसते. रॉकेट दाट हवेच्या वर आलं की उठून दिसतं. घोटाळा होतो तो उंच ढगांचा. तेही बहुतेक वाफेच्या वर असतात, आणि त्यांच्यावरून परतलेल्या सूर्यप्रकाशात हीच तरंगलांबी असते.

२६ सप्टेंबर १९८३ च्या मध्यरात्रीनंतर मॉस्कोच्या दक्षिणेला सेर्पुखोव-१५ इथल्या सोव्हिएत इशारा-कक्षात याच घोटाळ्यानं भोंगा वाजला. ढगांची चमक टळावी म्हणून सोव्हिएत ‘ओको’ उपग्रह पृथ्वीच्या कडेकडे तिरपे पाहत. पण त्या रात्री सूर्य, ढग आणि उपग्रह असे काही जुळून आले की पडद्यावर आधी एक, मग आणखी चार अमेरिकी क्षेपणास्त्रं उमटली. तीनच आठवड्यांपूर्वी सोव्हिएत विमानानं दक्षिण कोरियाचं प्रवासी विमान पाडून २६९ माणसं मारली होती. वातावरण असं पेटलेलं. कामावर होते लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव. खरा हल्ला पाच क्षेपणास्त्रांनी सुरू होणार नाही, जमिनीवरच्या रडारवर काही नाही, यंत्रणा नवी आहे, असा विचार करून त्यांनी वर ‘खोटा इशारा’ म्हणून कळवलं. ते बरोबर ठरले. बक्षीस मिळालं नाहीच. नोंदवही वेळच्या वेळी भरली नाही म्हणून बोलणी खावी लागली.

मंत्रिमहोदय, असं आपल्याकडे होता कामा नये.

नोव्हेंबर १९७९ मध्ये अमेरिकेत उलटं घडलं. सरावाचा कार्यक्रम चुकून खऱ्या पडद्यांवर गेला आणि प्रचंड हल्ला दिसू लागला. तेव्हा उपग्रह आणि रडार दोघांनीही ‘काही नाही’ म्हटलं, आणि संकट टळलं. एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन डोळे हवेत, ते यासाठी.

आमच्या यंत्रमागावर बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. कधी धागा शाबूत असतानाही थांबतो. कामगार येतो, हातानं पाहतो, माग पुन्हा सुरू करतो. तिथं यंत्र चुकलं तर माग थांबतो. इथं चुकलं तर युद्ध सुरू होतं. म्हणून हातानं पाहणारा माणूस काढून टाकण्याचा मोह आवरा. मोह होणार हे मला कळतं : क्षेपणास्त्र येऊन पोचेपर्यंत अमेरिका-रशियाला अर्धा तास तरी होता, भारत-पाकिस्तानला काही मिनिटंच आहेत.

९ मार्च २०२२ रोजी आपलं एक क्षेपणास्त्र अपघातानं सुटून पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. पलीकडच्या अधिकाऱ्यानं त्या दिवशी धीर धरला, हे आपलं भाग्य. चाचणीआधी एकमेकांना कळवण्याचा भारत-पाकिस्तानचा २००५ चा करार फक्त बॅलिस्टिक, म्हणजे उंच कमानीतून जाणाऱ्या, क्षेपणास्त्रांपुरता आहे. त्यात विमानासारखी हवेतून उडत जाणारी क्रूझ क्षेपणास्त्रंही आणा. आणि कळवलेलं पडद्यासमोरच्या माणसापर्यंत पोचतंय ना, तेही बघा. जानेवारी १९९५ मध्ये नॉर्वेनं ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी रॉकेट सोडण्याआधी रशियाला कळवलं होतं. ते रडारवाल्यांपर्यंत गेलं नाही, त्यांना ते क्षेपणास्त्र वाटलं, आणि रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रं डागण्याचा आदेश देण्याची पेटी उघडली गेली.

शिवाय ढगांच्या अभ्यासकांना या कामात सुरुवातीपासून घ्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं आमच्या सोलापूरच्या आभाळात ढगांवर प्रयोग केले आहेत. उंच ढग कुठल्या ऋतूत, कुठल्या वेळी फसवतील, याचं उत्तर त्यांच्याकडून आधीच मिळवता येईल.

उपग्रहांचा तांत्रिक तपशील गुप्तच राहू द्या. पण दोन स्वतंत्र पुराव्यांची अट आहे का, आणि शंका घेणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरं येत्या अधिवेशनात संसदेत द्यावीत, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक भौतिकशास्त्र शिक्षक, सोलापूर