लॅपटॉपवर लिनक्स बसवल्यामुळे चित्राचा दर्जा घटणे व वॉरंटी नाकारणे याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

गेल्या महिन्यात मी आपल्या कंपनीचा लॅपटॉप विकत घेतला. खोक्यावर 'फोर-के चित्रपटांसाठी सज्ज' असे ठळक छापले होते, परंतु हे कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, याचा उल्लेख कोठेही नव्हता. मी अनेक वर्षे लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम वापरतो, म्हणून त्यावर डेबियन हा लिनक्सचाच एक प्रकार बसवला.

त्यानंतर पैसे भरून घेतलेल्या चित्रपटसेवेवर, जे चित्रपट याच यंत्रात विंडोजवर फोर-के दर्जात दिसत होते, तेच धूसर दिसू लागले. लिनक्सवरील ब्राउझरला वाइडव्हाइनची (चित्रपटांची नक्कल रोखणाऱ्या गूगलच्या प्रणालीची) एल-थ्री ही केवळ सॉफ्टवेअरवर चालणारी पातळी मिळते आणि हार्डवेअरमधील संरक्षित मार्गाची खात्री पटल्याशिवाय सेवा वरच्या दर्जाचे चित्र सोडत नाही. तो मार्ग माझ्या लॅपटॉपमध्ये आहे आणि त्याचे पैसे मी मोजले आहेत. पडद्याच्या जोडणीसाठी लागणाऱ्या एचडीसीपीची (पडद्याकडे जाणारे चित्र वाटेत नक्कल होऊ न देणाऱ्या तंत्राची) सोय तर इंटेल ग्राफिक्सपुरती लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २०१८ पासून आहे. हार्डवेअर माझे असूनही त्याची किल्ली माझ्याकडे नाही, हे मला खरेदीपूर्वी कोणीही सांगितले नाही.

याहून गंभीर बाब अशी की, कळफलकाच्या दोन कळा बंद पडल्या तेव्हा आपल्या सेवा केंद्राने 'मूळ विंडोज काढले आहे' एवढ्याच कारणावरून दुरुस्ती नाकारली. कळांच्या बिघाडाशी ऑपरेटिंग सिस्टिमचा काय संबंध, याचे उत्तर तेथे मिळाले नाही.

ही बंधने नवी नाहीत. २००० साली हार्ड डिस्क संगणकाला जोडण्याच्या एटीए या मानकातच सीपीआरएम हे नक्कल-नियंत्रण घालण्याचा प्रस्ताव आला होता आणि तीव्र विरोधानंतर २००१ मध्ये तो मागे पडला. डिस्कमधून टळलेले ते बंधन आता ग्राफिक्स आणि फर्मवेअरमध्ये (हार्डवेअरमध्येच भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) येऊन बसले आहे. यंत्र कोणती सिस्टिम ओळखणार हे उत्पादकच ठरवू लागले, तर उद्या एखाद्या विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेली सिस्टिम चालवायची कोठे, ही माझी खरी चिंता आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. तरी माझा कळफलक वॉरंटीत दुरुस्त करून द्यावा, लिनक्स बसवल्याने हार्डवेअरची वॉरंटी संपत नाही असे लेखी कळवावे आणि फोर-केची अट खोक्यावर छापावी. हे मान्य नसल्यास लॅपटॉप परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

सोबत देयकाची व सेवा केंद्राच्या नकारपत्राची प्रत जोडली आहे.

आपला,
एक ग्राहक