ऑडिट झाले, पण पावती कोणाची ते कोण विचारणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या जूनमध्ये मुलीच्या प्रवेशाची फी ऑनलाइन भरली आणि पावती उघडली. ब्राउझरमध्ये वर पत्त्याच्या शेवटी पावतीचा क्रमांक दिसत होता. त्यातला शेवटचा आकडा बदलून पाहिला. (१८ वर्षे सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढल्यावर हात स्वस्थ बसत नाहीत.) समोर भलत्याच मुलीचे नाव, मोबाइल क्रमांक आणि जातीच्या दाखल्याची प्रत! पान बंद केले आणि संस्थेला कळवले. उत्तर आले, "आमच्या साइटचं सिक्युरिटी ऑडिट झालेलं आहे."

झालेही असेल. साइट सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात. आमच्या धंद्यात असेच चालते. सहा महिने पाने बनवायची, बटणाचा रंग हिरवा की निळा यावर तीन मीटिंगा घ्यायच्या, आणि तारीख जाहीर झाल्यावर ऑडिटरला बोलवायचे. तो यादी देतो. त्यातल्या किरकोळ चुका रात्रीतून मिटतात. मोठ्या चुकांपुढे 'पुढच्या रिलीजमध्ये' असे लिहिले जाते. तो रिलीज बहुधा येत नाही.

ही पावतीची चूक तशीच मोठी. टाइप करताना एखादी ओळ चुकली, असे इथे झालेले नाही. 'मागणारा माणूस या पावतीचा मालक आहे का?' हा प्रश्न सर्व्हरने दर वेळी विचारायला हवा, हे कोणी ठरवलेच नव्हते. पाने कागदावर आखताना ते एका वाक्याचे काम होते. शंभर पाने तयार झाल्यावर प्रत्येक ठिकाणी ती तपासणी घालायची आणि सगळे पुन्हा टेस्ट करायचे, म्हणजे महिन्याभराचे काम. साइटमधल्या चुका आपोआप शोधणाऱ्या स्कॅनर सॉफ्टवेअरलाही ही चूक सहसा सापडत नाही. त्याच्या दृष्टीने पान नीट उघडले. पावती कोणाची, हे त्याला काय ठाऊक? वेबसाइटमधल्या धोक्यांची 'ओवास्प' या सॉफ्टवेअर-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेची यादी आमच्या क्षेत्रात प्रमाण मानतात. २०२१च्या यादीत हाच प्रकार पहिल्या क्रमांकावर होता, आणि 'असुरक्षित आराखडा' हा नवा गटही त्याच वर्षी आला.

हे शहाणपण नवे नाही. कोड रेड आणि निमडा या २००१मधल्या व्हायरसांनी नाक कापल्यावर, जानेवारी २००२मध्ये बिल गेट्स यांनी मायक्रोसॉफ्टच्या सर्व कर्मचाऱ्यांना कळवले की नवी सोय आणि सुरक्षितता यांत निवड करायची वेळ आली तर सुरक्षितता निवडा. त्यानंतर विंडोजचे काम काही आठवडे थांबवून प्रोग्रॅमरना प्रशिक्षण दिले गेले. आपल्याकडे २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात निष्काळजीपणासाठी २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे; पण तो माहिती फुटल्यानंतरचा हिशेब.

माझी मागणी साधी आहे. सरकारी खाती, विद्यापीठे, महापालिका यांनी निविदेत शेवटच्या ऑडिट प्रमाणपत्रावर भागवू नये. कोणाला काय दिसेल आणि काय दिसणार नाही, याचा तक्ता पहिल्या महिन्यातच मागावा. तो तपासून होईपर्यंत पहिला हप्ता देऊ नये. ठेकेदार कुरकुरतील, कुरकुरू देत.

ता. क. : तीन आठवड्यांनी त्या साइटवरचा आकडा गायब झाला. त्या जागी अक्षरांची गिचमीड आली. ती बेस-६४ निघाली, म्हणजे तोच मजकूर वेगळ्या अक्षरांत लिहायची साधी पद्धत, कुलूप नव्हे; मिनिटभरात उलगडली, तर आत माझाच पावती क्रमांक. या वेळी शेजारचा आकडा घालून पाहिला नाही. पुन्हा कळवले आहे.

आपला,
एक सॉफ्टवेअर टेस्टर, कोथरूड, पुणे