नानांच्या आखाजीच्या प्रश्नाचं उत्तर

जळगाव, शनिवार रात्र

तीर्थरूप आई-नाना,
शिरसाष्टांग नमस्कार.

आखाजीला घरी आले तेव्हा नाना, तुम्ही भरल्या पंगतीत विचारलंत, "इतल्याशा सुया टोचीसन काय व्हई? दुखत बी नही, मंग पैसा कसाना लेस?" सगळे हसले. मीही हसले आणि आमरसाचं पातेलं उचलून आत गेले. उत्तर होतं, पण तिथे सुचेना. फोनवर सांगायला जावं तर तुम्ही दोनदा "हां, हां" करता आणि आईकडे देता. म्हणून लिहिते.

आधी कागदपत्रांचं, कारण तुम्हाला खरी धास्ती त्याची आहे. महाराष्ट्राने अ‍ॅक्युपंक्चरचा, म्हणजे या सुयांच्या उपचाराचा, स्वतंत्र कायदा २०१५ साली केला. माझी नोंदणी झालेली आहे, सर्टिफिकेट भिंतीवर आहे. आणि काका म्हणाले तसं हे "कोटणीसांचं शास्त्र" नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले ते सर्जन म्हणून. १९४२ मध्ये तिथेच वारले. सुयांची विद्या नंतर शिकून आणली ती त्याच पथकातले त्यांचे सोबती, कलकत्त्याचे डॉ. बसू यांनी. नाव मात्र कोटणीसांचंच तोंडी बसलंय.

आता मूळ प्रश्न. सुया दुखत नाहीत, कारण मी त्या दुखू देत नाही. पण मी आधीपासून अशी नव्हते. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

कोर्स झाल्यावर मुंबईत एका क्लिनिकमध्ये लागले होते ना, तिथे एका वेळी सहा खाटा चालायच्या. सुया टोचायच्या, त्यांना वायरी लावून करंट सोडायचा, वीस मिनिटांचा गजर लावायचा आणि पुढच्या खाटेवर. सुई बरोबर जागी लागली की आत एक जड, दुखरी कळ उठते, चिनी लोक तिला 'दे ची' म्हणतात. ती कळ आणायची म्हणून मी सुई पिळत राहायची, पेशंट "आई गं" म्हणेपर्यंत. पेशंटलाही वाटायचं, कळ आली म्हणजे लागू पडलं. एक दिवस मानेच्या दुखण्याची एक बाई आली. चतुर्थी होती, ती सकाळपासून चहावर. खाट रिकामी नव्हती म्हणून मी तिला स्टुलावर बसवलं आणि मानेत-खांद्यात आठ सुया जोरात दिल्या. दोन मिनिटांत तिचे ओठ पांढरे पडले, कपाळावर घाम डवरला आणि ती माझ्या अंगावर कलली. सुया काढल्या, जमिनीवर निजवलं, पाय उशीवर घेतले. दहा मिनिटांत ठीक झाली. उठून मलाच म्हणते, "चुकलं माझं, मी खाऊन आले नाही." अहो, विचारायचं कोणी होतं?

त्यानंतर ज्यांच्याकडे शिकायला गेले त्या बाईंना तुम्ही दोघांनी पाहिलेलं नाही. सत्तरीच्या, बोलायला कमी. आधी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नुसत्या बसायच्या, आपल्याकडे वैद्य नाडी बघायचे तशा. मग झोप, भूक, शौच. मग चार-पाच सुया, पाव मिलिमीटर जाडीच्या, बहुतेक वरवरच. मी म्हटलं, इतकंच? तर म्हणाल्या, "बाकीचं त्याचं शरीर करेल. त्याला जागा दे."

हा चीनचा जुना ताओ विचार. ताओ म्हणजे वाट. त्यांचा आद्य गुरू लाओत्से पाण्याचं उदाहरण देतो: पाण्याइतकं मऊ काही नाही, पण कठीण त्याच्यापुढे टिकत नाही. 'वू वेई' म्हणून त्यांचा एक शब्द आहे, शब्दशः 'न करणं'. आळस नव्हे, जबरदस्ती न करणं. मला हे पुस्तकातून कळलं नसतं. मला आठवला तो पांझरा नदीच्या पाटावरचा आपला फड.

मी बारा-तेराची असेन. रात्रीची पाळी होती, मी कंदील धरून. तुम्ही म्हणालात, घे फावडं, दारं धर. मी हौसेने पाटाचं तोंड चांगलं रुंद फोडलं. पाणी असं उसळलं की वाफ्याचा बांध गेला आणि उसाच्या सरीतली माती वाहू लागली. तुम्ही ओरडला नाहीत. त्या तोंडात स्वतःचा पाय आडवा घातलात, ओंजळभर चिखल थापलात, पाणी पुन्हा शहाण्यासारखं सरीतून चालू लागलं. मग बराच वेळ तुम्ही काहीच केलं नाहीत. फावड्यावर हनुवटी टेकून बघत उभे होतात.

आणि गंमत ऐका. जुन्या चिनी वैद्यांनी हातापायांवरच्या, सुया टोचायच्या बिंदूंना नावंच पाण्याची दिलीत. बोटांच्या टोकाशी विहीर, मग झरा, ओढा, नदी, आणि कोपर-गुडघ्यापाशी समुद्र. पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या मुलीला हे पाठ करायला किती वेळ लागणार?

तुम्ही लबाडी खपवून घेत नाही, म्हणून हेही सांगते. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ पेशंटवर मोठा अभ्यास झाला, २००७ साली छापला. सहा महिन्यांनी खऱ्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना चांगला आराम होता. भलतीकडेच, वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना. नेहमीच्या औषधं-व्यायामवाल्यांपैकी २७.४ टक्क्यांना. आता तुम्ही म्हणाल, "म्हंजे कोठे बी टोचं तरी चालस!" हसा. माझ्या वर्गातले पुष्कळ जण हे आकडे लपवतात. मला मात्र त्यातून धीर आला: वरवर टोचूनही जवळपास तेवढाच गुण येत असेल, तर माणसाला कळवळवायचं कशाला? गुण सुईचा किती आणि निवांत निजवून कोणी विचारपूस केली त्याचा किती, हे मला नेमकं सांगता येत नाही. पैसे मी दोन्हींचे घेते.

आई, तू पुरणाचे मांडे कसे करतेस ते मी इथे पोरींना सांगते. तो पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत मोठा करतेस आणि खापरावर टाकेपर्यंत फाटत नाही. ओढलास तर फाटेल. तू ओढत नाहीसच. आणि तुला ज्याचा वास आवडला ती मोक्साची कांडी, जी पेटवून आम्ही बिंदूंना शेक देतो, ती आपल्या दवण्याच्याच जातकुळीतल्या पाल्याची असते.

सातव्या शतकात सुन सिमियाओ नावाचा ताओपंथी वैद्य होऊन गेला. त्याने लिहून ठेवलंय, दुखऱ्या जागी बोट दाबलं की पेशंट म्हणतो "आ शी", म्हणजे "हां, हेच!" त्यावरून त्या बिंदूंचं नावच 'आ शी' पडलं. नाना, त्या दिवशी ओसरीवर मी तुमच्या गुडघ्याखाली चार बोटांवर दाबलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? "आठेच, आठेच!" म्हणजे तेच की, "इथेच, इथेच!"

तर पुढच्या गुरुवारी या. गुडघ्याचा एक्स-रे आणि चालू गोळ्यांची पाकिटं आणा, रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती आधी दाखवा. झिजलेला गुडघा मी नवा करून देणार नाही. जिना चढताना कळ थोडी कमी झाली तरी बघू. पायजमा सैल घाला. आणि सकाळच्या एसटीने येणार असाल तर भाकर खाऊनच निघा. का, ते वर लिहिलंय.

तुमची,
छोटी